खंडेनवमीची साफसफाई

घाण म्हटलं की लोकांना गटार आठवतं, उकिरडा आठवतो. मला आठवते आमच्या डायलिसिस सेंटरमधली सर्व्हरची खोली. खोली आपली म्हणायची म्हणून म्हणायची. घाटकोपरच्या त्या इमारतीत तळमजल्यावर पाणी शुद्ध करायचा प्लांट होता, त्याच्या भिंतीला चिकटून फडताळाएवढी एक जागा. आधी तिथे फिनेल आणि पोछे ठेवायचे. कॉम्प्युटर आले तेव्हा पोछे बाहेर गेले आणि सर्व्हर आत आला. वास तोच राहिला. भिंतीला ओल, ओलीवर काळी बुरशी, आणि एसीचं पाणी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात टप टप पडत असायचं. तो डबा भरला की ओतायचा कोणी, यावरून रोज तू-तू मैं-मैं. एकदा त्यात झुरळ पोहताना पाहिलं आणि त्या दिवशी मी दुपारची जेवलेच नाही.

तरी सांगते, त्या झुरळाची आली नाही तेवढी किळस मला एका खंडेनवमीला आली. आणि ती माणसांची.

आमचं सेंटर धर्मादाय. किडन्या गेलेली माणसं आठवड्यातून दोन-तीनदा यायची, मशीनला लावून घ्यायची, अंगात साठलेलं पाणी काढून घ्यायची. पाणी किती काढायचं हे ठरतं कोरड्या वजनावर. कोरडं वजन म्हणजे सगळं जादा पाणी गेल्यावर त्या माणसाचं जे खरं वजन उरतं ते. डॉक्टर ते ठरवतात आणि माणूस सुकला, भरला, तसं थोडंथोडं बदलत राहतात. पाणी कमी काढलं तर ते छातीत साठतं, दोन पायऱ्या चढताना धाप लागते. जास्त काढलं तर पोटऱ्यांत गोळे येतात, चक्कर येते, माणूस खुर्चीतच डोळे पांढरे करतो. सगळा खेळ त्या एका आकड्याचा. आणि तो आकडा असायचा फक्त कॉम्प्युटरात, कारण आम्ही पेपरलेस झालो होतो. दारात पाटीच होती तशी, हिरव्या झाडाचं चित्र काढलेली. ट्रस्टी साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला ती पाटी दाखवायचे.

मी सातवी शिकलेली. टायपिंगचा क्लास केला, केसपेपर लिहायला लागले, मग केसपेपर गेले आणि कॉम्प्युटर आले. मला कोणी शिकवलं नाही. कंपनीचा इंजिनिअर यायचा त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसायचं आणि दर मिनिटाला विचारायचं, "हे का केलंस रे? ते का पुसलंस?" तो वैतागायचा, पण सांगायचा. पडद्यावर लाल अक्षरात काही आलं की उतरवून घरी न्यायचं, डिक्शनरी घेऊन बसायचं. असं करत करत सर्व्हरची देखभाल माझ्याच गळ्यात पडली. दुसरं कोणी त्या खोलीत पाय ठेवायला तयार नव्हतं, हेही एक कारण आहेच म्हणा.

आता लॉगचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या सगळ्या नोंदी ज्यात राहतात तो डेटाबेस. त्यात कोणी काही बदललं, समजा डॉक्टरांनी कोणाचं वजन कमी केलं, तर तो बदल मूळ जागी जाण्याआधी लॉग नावाच्या फाइलीत टिपला जातो. एक फाइल भरली की दुसरी, दुसरी भरली की तिसरी. मध्येच वीज गेली, मशीन धाडकन बंद पडलं, तर परत चालू झाल्यावर डेटाबेस त्या लॉगवरून हात फिरवतो आणि अर्धवट राहिलेलं सगळं निस्तरतो. शिवाय दर रविवारी आमच्याकडे सगळ्या नोंदींची एक पूर्ण प्रत निघायची. उद्या सर्व्हर जळाला तरी रविवारची प्रत घ्यायची, तिच्यावर पुढच्या लॉग फायली ओळीने चढवायच्या, की आजच्या दिवसापर्यंत येता येतं. पण ओळीने हं. मधली एक हरवली की तिच्या पुढच्या असून नसून सारख्याच.

या फायली साठत जातात. जुन्या काढल्या नाहीत तर डिस्क भरते, आणि डिस्क भरली की डेटाबेस एक अक्षर लिहून घेत नाही. म्हणून दर सोमवारी मी साफसफाई करायचे. आधी रविवारची प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायची, खरंच उघडते का. उघडली, तर तिच्या आधीच्या लॉग फायली उचलून एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायच्या. आठवडाभर तिथे पडून राहू द्यायच्या आणि मगच पुसायच्या. त्या फोल्डरला मी नाव दिलं होतं, 'थांब'. इंजिनिअर हसायचा. "ताई, एकदा प्रत उघडली की बस झालं ना. परत आठवडा कशाला?"

कशाला ते त्याला सांगून कळलं नसतं. माझी आई मुलुंडला बंगल्यांमध्ये झाडूपोछा करायची. झाडून झाल्यावर ती केर लगेच टाकायची नाही. सुपलीत घ्यायची, उजेडात न्यायची, बोटांनी चाळायची, आणि तरीही संध्याकाळपर्यंत मागच्या दाराशी ठेवून द्यायची. कोणाच्या कानातली फिरकी हरवली, कोणाचं बटण, की पहिली हाक आईलाच येणार. लोकांच्या केसांच्या गुंतवळात, नखांत, उष्ट्यात बोटं घालायची ती, तोंडाला पदर लावून. मला लहानपणी बघून मळमळायचं. पण सवय माझ्या हातात उतरली ती उतरलीच.

हे झालं कामाचं. आता माझ्या शेजारणीचं.

आम्ही डोंगरावरच्या वस्तीत राहतो, तिची-माझी भिंत एक. ती मालवणकडची. मी तिला वयनी म्हणते, ती मला बाय. तिच्या किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं, तर ही बया घराबाहेर पडेना. मीच रोज संध्याकाळी जाऊन बसायचे.

"माका नको ता मशीन," ती म्हणायची. "थंय माका कोण वळाखता?"

"मी आहे ना गं."

"नि तू नाय आसलंस तर?"

"मी नसले तरी कॉम्प्युटर आहे. वजन, औषधं, सगळं त्यात. तुला एक गोष्ट लक्षात ठेवायला नको."

"म्हणजे तुझो डबो माका वळाखतलो?"

"तुझ्या नवऱ्यापेक्षा बरा."

नवरा बाहेर ओट्यावर बसला होता, तो मुद्दाम खाकरला. ती हसली, आणि दुसऱ्या दिवशी आली. तशी ती सेंटरला आली ती माझ्या डब्याच्या भरवशावर.

त्या वर्षी पेशंट वाढले, नोंदी वाढल्या, आणि दसऱ्याच्या आधीच्या एका रविवारी प्रत निघालीच नाही. जागा पुरली नाही. मी 'थांब' रिकामा करून पाहिला, तरी पुरेना. म्हणजे आता आमच्याकडे चांगली प्रत होती ती त्याच्या आधीच्या रविवारची, आणि तिथून पुढच्या लॉग फायली हाच काय तो आमचा जीव. त्या मी 'थांब'मध्ये नेऊन ठेवल्या, कोणाचा हात लागू नये म्हणून, आणि म्याडमकडे गेले.

म्याडम म्हणजे आमच्या म्यानेजर. माझ्या मुलीच्या वयाच्या. मला मावशी म्हणायच्या. आईच्या बहिणीला म्हणतात तसं नव्हे हं, दवाखान्यात बेडपॅन उचलणाऱ्या बाईला हाक मारतात तसं. त्या कामाला मी हलकं म्हणत नाही. हलकं व्हायचं ते त्यांच्या जिभेवर.

मी म्हटलं, "म्याडम, नवीन डिस्क लागेल. लगेच लागेल."

"दसऱ्याला घेऊ ना. साडेतीन मुहूर्तांतला आहे. नवीन वस्तू त्याच दिवशी आणलेली बरी."

"म्याडम, डिस्कला मुहूर्त कळत नाही. ती भरली की भरली."

"आठ दिवसांनी काय होतंय, मावशी? मी काय नाही म्हणाले का?"

"बरं. मग तोवर त्या 'थांब' फोल्डरला कोणी हात लावू नका. आणि त्याच्या बाजूला चालू लॉगचा फोल्डर आहे, त्यालाही नाही."

"हो हो," म्हणत त्या फोनमध्ये तोरणाची चित्रं बघत होत्या.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा. मी तशी त्यातली नाही, पण ज्याच्यावर पोट भरतं ते माणूस पुसून ठेवतो, त्यात वाईट काय? दरवर्षी मी माझा कीबोर्ड उलटा करून त्यातले वडापावचे तुकडे झटकायचे आणि अर्धा दिवस रजा घेऊन निघायचे. दसऱ्याला विहारातल्या आम्ही बायका मिळून नागपूरला जातो, दीक्षाभूमीवर. त्या दिवशीही पांढरी साडी पिशवीत होती, चिवडा बांधून झाला होता, आणि संध्याकाळची गाडी. तेवढ्यात सिस्टरचा फोन. सिस्टर म्हणजे मशीनवर पेशंट लावणारी आमची मुख्य नर्स, उंचपुरी, तोंडाने फटकळ.

"ताई, गाडीत बसली काय तुम्ही?"

"अजून नाही. का गं?"

"मग या. इकडे वाट लागली. पूजेनंतर चालू केला तर एकपण पेशंट दिसत नाही स्क्रीनवर."

पिशवी तशीच दाराशी ठेवून रिक्षा केली.

खोलीत गेले आणि नाकाला पदर लावला. सर्व्हरच्या गळ्यात झेंडूची माळ. समोरच्या जाळीत, जिथून तो बिचारा श्वास घेतो, तिथे अक्षता अडकलेल्या. ओलं हळदकुंकू वरून ओघळून बटणापर्यंत आलेलं. उदबत्तीचा धूर त्या बंद जागेत नुसता कोंडलेला, आणि खाली नारळ फोडलेला तो थेट फरशीवर. पाणी कपाटाखाली वाहत गेलेलं, त्याला मुंग्याही लागल्या होत्या. बुरशी, फिनेल, झेंडू, उदबत्ती, नारळाचं पाणी. असा वास मी आयुष्यात घेतला नव्हता आणि परत येऊ नये.

म्याडम पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभ्या. ट्रस्टी साहेबही होते, झब्बा घालून.

"काय केलंत?" मी विचारलं.

"काही नाही हो. पूजेसाठी बंद केला आणि परत चालू केला."

"कसा बंद केला?"

"बटणाने. मागचं."

"त्याच्या आधी?"

त्यांनी पेढ्यांचा बॉक्स सर्व्हरवर ठेवला. मग अगदी कौतुकाने म्हणाल्या, "आधी साफ केला. बाहेरून सगळे पुसतात, म्हटलं या वर्षी आतूनही करू. किती कचरा जमवून ठेवला होता, मावशी! सगळ्या जुन्या फायली. डिस्क अर्ध्याहून जास्त रिकामी झाली. ज्या पुसल्या जात नव्हत्या तेवढ्या सोडल्या."

"'थांब'मधल्या?"

"त्या तर पहिल्या. कायमच्याच पुसल्या, परत कचऱ्याच्या डब्यात कशाला ठेवायच्या?"

मला खरंच उमासा आला. ओकारीचा. मी भिंतीला हात लावला तर हाताला ओल लागली, ती झटकली. या बाईने आयुष्यात कधी केर काढला नसेल, हे त्या क्षणी मला लख्ख कळलं. ज्याने केर काढलाय तो असा डोळे मिटून टाकत नाही. यांना कचरा म्हणजे काय? दुसऱ्याचं जे आपल्याला वाचता येत नाही, ते.

मी इंजिनिअरला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. त्याला सगळं सांगितलं.

"ताई, डेटाबेस चालू लॉग मागतोय. ते नाहीत. त्याशिवाय तो उठणार नाही."

"आणि प्रत?"

"जुनी प्रत चढते. पण तिच्या पुढचं सगळं त्या 'थांब'मध्ये होतं ना? मग तिथपर्यंतच."

"दुसरं काही?"

"जबरदस्तीने उघडता येतो. उघडेल. पण आतलं खरं किती आणि अर्धवट किती ते कोणीच सांगू शकणार नाही. कोणाचा तरी आकडा मधूनच तुटलेला असेल."

ट्रस्टी साहेबांचा चेहरा खुलला. "मग उघडा की! उद्या सणाचा दिवस आहे. चालवून घ्या."

चालवून घ्या. या शब्दाइतका घाणेरडा शब्द मराठीत नसेल. शिव्या परवडल्या. शिवीत निदान राग तरी असतो. 'चालवून घ्या' म्हणणाऱ्याच्या मनात काही नसतं, नुसती सुस्ती, आणि दुसऱ्याच्या अंगावर काढायची तयारी. मी बोलणारच होते, पण माझ्या आधी सिस्टर आत आली. हातमोजे तसेच, कोपरं वर धरलेली.

"सर, पेशंट मशीनवर कोण लावतो? मी लावते. खोटा नंबर घेऊन मी नाय लावणार. तुम्ही या, तुम्ही लावा."

साहेब झब्ब्याची बाही सारखी करत राहिले. मग म्हणाले, "बघा काय ते तुम्ही," आणि गेले. पेढ्यांचा बॉक्स सर्व्हरवरच राहिला.

जुनी प्रत चढवली. वयनीचं पान उघडलं. पडद्यावर जुनंच वजन होतं. नंतरच्या खेपांना तिची धाप वाढली होती म्हणून डॉक्टरांनी ते दोनदा खाली आणलं होतं, एवढं मला माहीत होतं, कारण रस्त्याने येताना तीच सांगायची, "आज माका आजून पिळल्यानी." पण किती? मी डॉक्टरांना फोन केला.

"कमी केलं होतं हे आठवतं," ते म्हणाले. "किती ते खरंच नाही आठवत. मी रोज वेगळ्या सेंटरला असतो हो, कोणाकोणाचं डोक्यात ठेवू? ती उद्या सकाळी आहे ना? मी येतो. मी आल्याशिवाय लावू नका."

हा एक माणूस त्या दिवशी माणसासारखा बोलला, त्याची नोंद मी मनात केली. ती तरी कोणी पुसायची नाही.

विहारातल्या बायकांना कळवलं, तुम्ही व्हा पुढे. पांढरी साडी परत पेटीत गेली.

दसऱ्याला पहाटे वयनीने मला दारात पाहिलं. "तू नागपुराक जाऊक नाय?"

उतरताना वाटेत तिला सगळं सांगितलं. लपवून काय करणार? बाकीच्यांना सिस्टर सांगणार होती, हिला मीच सांगायला हवं होतं. प्रत्येक घराच्या दाराला तोरण होतं, ती तोरणं बघत उतरत राहिली. मध्ये दोनदा थांबली, श्वास घ्यायला.

डॉक्टर आले होते. त्यांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला, खळगा किती वेळ राहतो ते बघितलं. छाती पुढून-मागून ऐकली. रक्तदाब बसवून घेतला, उभं करून घेतला. मग एक आकडा ठरवला आणि म्हणाले, हळूहळू काढू, दर थोड्या वेळाने बघत राहू. म्हणजे अंदाजच. चांगला, शिकलेला अंदाज, पण अंदाज.

संपत आलं आणि तिच्या पोटरीत गोळा आला. ती ओरडली नाही. दात आवळले, खुर्चीचा हात धरला, आणि पायाचं बोट आपोआप वर वळायला लागलं. सिस्टरने मशीन मंद केलं, सलाइन सोडलं. मी तिची पोटरी दोन्ही हातांनी धरून तळवा वर दाबत बसले. हाताखाली तो गोळा दगडासारखा लागत होता.

नेमक्या तेव्हा म्याडम वॉर्डात फिरत होत्या, आपट्याची पानं वाटत. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा! मावशी, घ्या ना."

माझे दोन्ही हात पोटरीवर. मी वर पाहिलं. त्या हसत होत्या हो. वाईट नव्हतं त्या हसण्यात काही, तेच तर. आपण काल केलं काय आणि आज इथे चाललंय काय, यांचा एकमेकांशी संबंध आहे हेच त्या बाईच्या गावी नव्हतं.

"ठेवा तिथे," मी म्हटलं.

त्यांनी वयनीच्या उशाशी पान ठेवलं आणि पुढच्या खुर्चीकडे गेल्या. वयनीने मान वळवून पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुझो डबो माका इसारलो गो, बाय," ती म्हणाली.

मी पोटरी दाबत राहिले.

पुढच्या पाळीला ती आली नाही. तिची खुर्ची रिकामी. सिस्टरने माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवली. डायलिसिस चुकलेल्या माणसाकडे फार दिवस नसतात, हे आम्हा दोघींना माहीत होतं, आणि वयनीलाही. मी तशीच डोंगर चढून तिच्या दारात गेले. ती जमिनीवर पाय पसरून बसली होती, पुढे ताटात सुकट, एकेक निवडत. पाय सुजून तुळतुळीत झालेले. सुकट तिला विषासारखी, मिठाने भरलेली.

"वयनी, हे काय? हे चालतं तुला?"

"माका काय चालता नि काय नाय," ती एका दमात बोलू शकली नाही, मध्ये थांबून म्हणाली, "आता कोणाक म्हायत? तुमच्याकडे लिवलेला पुसलात मा?"

नवरा ओट्यावरून आत डोकावला, परत गेला. त्याला आज खाकरण्याचाही धीर नव्हता.

मी तिच्यासमोर बसले. ताट बाजूला सरकवलं, तर तिने ते परत ओढलं. मी परत सरकवलं.

"ऊठ. पाळी गेली नाही अजून, सिस्टर दुपारी जागा काढते म्हणालीय."

"नि परत पुसल्यानी तर?"

मागच्या वेळी मी चटकन म्हटलं होतं, तुला एक गोष्ट लक्षात ठेवायला नको. ते शब्द परत माझ्या तोंडाशी आले, आणि मला माझ्याच तोंडाची चव कडू लागली. त्या खोलीतल्या वासासारखी.

"पुसतील," मी म्हटलं. "अशा माणसांचा काय भरवसा? म्हणून यापुढे तूच सांगायचं. डॉक्टर आकडा बदलतील तेव्हा मी पडदा तुझ्याकडे फिरवणार, तू वाचायचास. आणि पुढच्या खेपेला खुर्चीत बसायच्या आधी मोठ्याने बोलायचास. सिस्टरने ऐकल्याशिवाय सुई लावायची नाही."

"मीच सांगूचा तर तुझो डबो कित्याक?"

"तो चुकला तर तुला त्याच्यावर ओरडता यावं म्हणून."

तिने हातातली सुकट ताटात टाकली. मग नवऱ्याला हाक मारून म्हणाली, "अवो, ह्या ताट उचला. नायतर बाय माजी खाऊन टाकतली." आणि हात पुढे केला, उठवायला.

नवीन डिस्क आली ती मुहूर्त टळून गेल्यावर. इंजिनिअर बसवायला आला तेव्हा कपाट पुढे ओढावं लागलं. त्याबरोबर असा भपकारा आला की तो नाक दाबून बाहेरच पळाला. मागे नारळाची अर्धी कवड पडलेली. पूजेच्या दिवशी घरंगळत गेलेली कोणी बघितलीच नव्हती. आतलं खोबरं हिरवं-काळं झालेलं, त्यावर लव आलेली, खाली काहीतरी वळवळत होतं. झेंडूची माळही तशीच, कुजून काळी, सर्व्हरच्या जाळीला चिकटलेली.

म्याडम दारात आल्या, पदर नाकावर. "ई! मावशी, उचला ना ते."

मी बाजूला झाले. जागा करून दिली त्यांना आत यायला.

"मी नाही, म्याडम. साफसफाई तुम्ही चांगली करता. हे राहिलंय तुमचं."

मी पोछ्याच्या कोपऱ्यातून वर्तमानपत्र आणून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी डोळे मिटून, मान वळवून ती कवड उचलली. अगदी तशीच, न बघता.

"बघून उचला," मी म्हटलं. "काय टाकताय ते बघावं."

वॉर्डातून तेवढ्यात वयनीचा आवाज आला. आता तिचा श्वास लागत नव्हता, त्यामुळे आवाजही मालवणच्या बाजारात लावायची तसा लागला होता.

"सिस्टर गो! साडेएक्केचाळीस! ऐकलंस?"

"ऐकला, ऐकला, आजी. सगळा घाटकोपर ऐकला," सिस्टर म्हणाली.

"मग टायप कर. नि पडदो हकडे फिरव. माका बघूचो आसा."

शेजारच्या खुर्चीतले एक आजोबा, जे कधी कोणाशी बोलायचे नाहीत, त्यांनी घसा साफ केला आणि सिस्टरला विचारलं, "माझं किती आहे हो?"